स्टोव्ह कुठून आला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज एक कबुली देते. दिवसभर केंद्रात बायकांची गाऱ्हाणी ऐकून घरी गेले की मी खुनाच्या गोष्टी वाचते. अगदी चवीने. लहानपणी मामाच्या माळ्यावरचे बाबूराव अर्नाळकर, पुढे अगाथा ख्रिस्ती. एक सहकारी म्हणाली, "दिवसभर हेच बघतेस, रात्री पुन्हा तेच?"

मी विचार केला. त्या गोष्टींत मेलेल्या माणसाबद्दल कुणीतरी हट्टाने प्रश्न विचारतं, म्हणून मला त्या आवडतात. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई रुग्णालयाच्या औषधालयात काम करत. विषांची माहिती त्यांना तिथे झाली आणि १९२० मधल्या पहिल्याच कादंबरीत ती कामी आली. पण माझी लाडकी त्यांची मिस मार्पल. विणकाम करत बसणारी, बिनलग्नाची म्हातारी. गावातल्या माणसांचे स्वभाव तिला पाठ, त्यावरून ती खुनी ओळखते. आपल्याकडे ज्याला 'बायकांच्या चकाट्या' म्हणून हसतात, तेच तिचं हत्यार!

मलाही अशी गोष्ट लिहावीशी वाटली. शेवट आधी ठरवायचा, धागेदोरे वाचकाच्या डोळ्यांसमोरच ठेवायचे आणि त्याचं लक्ष मात्र दुसरीकडे वळवायचं. वही घेऊन बसले आणि वस्तीतली एक सून आठवली. भाजून गेली. कागदावर नोंद झाली, 'स्टोव्हचा भडका, अपघात.' लग्नानंतर सात वर्षांच्या आत मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. तिच्या लग्नाला आठ झाली होती. महिन्याभराने नळावर शेजारीण हळूच म्हणाली, "ताई, त्यांच्याकडे तर गॅस होता. स्टोव्ह कुठून आला?"

"पोलिसांना सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

तिचा खून झाला असं मी म्हणत नाही. कुणी विचारलं नाही, एवढंच म्हणते.

पुण्याच्या मंजुश्री सारडाचं प्रकरण चळवळीतल्या थोरल्या अजून सांगतात. १९८२ मध्ये, लग्नानंतर चारच महिन्यांत, सायनाइडने तिचा मृत्यू झाला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला दोषी ठरवलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा निःसंशय सिद्ध झाला नाही म्हणून, त्याला मुक्त केलं. कादंबरीत शेवटच्या पानावर सगळं कळतं. कोर्टात हाती पुरावा असेल तेवढंच.

माझी गोष्ट अजून अर्धीच आहे. तिच्यात खुनी कोण हे रहस्यच नाही. भिंतीपलीकडून किती जणींनी ऐकलं आणि त्या गप्प का राहिल्या, हे रहस्य आहे. ते मला अजून लिहिता येत नाही. पण तोवर एक करता येईल. वस्तीत असं काही घडलं तर त्याच दिवशी शेजारणीला विचारू या. ती सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवू या. गोष्ट नंतरही लिहिता येईल.