हत्ताचे बुरूज, सायकलवरून

इथे वाढणारी आपली मुलं हमखास म्हणतात, 'किल्ले भारतात, इथे फक्त उंच इमारती.' या थंडीत सायकली गाडीला बांधा आणि त्यांना हत्ताला न्या.

दुबईपासून साधारण 130 किलोमीटर. हजर डोंगर सुरू झाले की सपाट वाळवंट मागे पडतं. रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मात्र महामार्गावर सायकल काढू नका. दुबईत ताशी 60 किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यांवर सायकलला मनाई आहे, आणि हेल्मेट सक्तीचं. गाडी गावात लावा आणि आतल्या रस्त्यांनी फिरा. निघा मात्र उजाडताच. दहानंतरचं ऊन थंडीतही डोक्यावर येतं. धरणाकडचा चढ मुलांना जड जाईल. जाऊ दे, ढकलत नेतील!

हेरिटेज व्हिलेजमध्ये घाई करू नका. 1896 चा किल्ला आहे, 1780 ची जुमा मशीद आहे, आणि टेकड्यांवर 1880 च्या दशकातले दोन टेहळणी बुरूज. बुरुजाचं दार जमिनीपासून बरंच वर. पहारेकरी दोरीला धरून चढायचे. असं का, हे सुट्टीत राजगड चढून आलेल्या मुलाला समजावावं लागत नाही, तोच आपल्याला सांगतो. पुढचा प्रश्नही त्याचाच असतो: एवढ्या कोरड्या डोंगरात गावाला पाणी कुठून? मग डोंगरातलं पाणी उताराने खजुराच्या बागांपर्यंत आणणारा फलज, म्हणजे आपला पाटच, शोधायला सायकली पुन्हा काढा.