उरलेला रंग आणि घराची शोभा

(ओझर केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेले भाषण)



दसरा-दिवाळीच्या सुमारास घराघरांतील भिंतींना नवे रूप येते, आणि काम आटोपून रंगारी निघून गेला की जिन्याखाली, माळ्यावर अथवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात दोन-तीन डबे उरतात. एकात पाव लिटर पिवळा असतो, दुसऱ्यात तळाशी राहिलेला निळा, तिसऱ्याचे झाकणच उघडत नाही. गृहिणीस ते टाकवत नाहीत आणि त्यांचे काय करावे हेही उमगत नाही. पुढील दिवाळीस त्यांच्यावर नवे डबे चढतात. विषय किरकोळ वाटेल. परंतु कार्यानुभवाच्या तासाला ‘घरून काही साहित्य आणा’ असे शिक्षकाने सांगताच मुले नेमके हेच डबे उचलून आणतात. म्हणून या डब्यांचा विचार घराइतकाच शाळेनेही करावयास हवा.

बाणगंगेकाठच्या या ओझरात (विघ्नहराचे ओझर जुन्नर तालुक्यातले, ते निराळे) गावठाणातील जुनी घरे आहेत, तशीच १९६४ साली विमानांचा कारखाना निघाल्यानंतर वाढलेली सिमेंटची वस्तीही आहे. जुन्या घरांत भिंतीला चुना आणि थोडी नीळ, जोत्याला गेरू, अंगणाला शेण असे. चुना उरला तर तो पाण्याखाली राखून पुन्हा उपयोगी पडे, गेरूचा खडा फडताळात जाई. उरलेल्याची अडचण अशी नव्हती. डबाबंद रंग आले आणि ती अडचण त्यांच्यासोबत आली. कारण हे रंग उघडे पडले की वाळतात, नासतात आणि मातीत सहजी मिसळत नाहीत.

शोभेच्या कल्पना पुष्कळ सुचतील. त्यांच्या आधी डब्याची ओळख पटली पाहिजे. पहिला प्रश्न, रंग पाण्यातला की तेलातला? डिस्टेंपर आणि प्लॅस्टिक पेंट पाण्यात कालवले जातात. त्यांतील पाणी उडाले की ते वाळतात. ऑइलपेंट मात्र हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतो, म्हणून अर्धवट रिकाम्या डब्यात त्याच्यावर दुधावरच्या सायीप्रमाणे पापुद्रा धरतो. पापुद्रा अलगद काढून खालचा रंग फडक्यातून गाळला तर बहुधा तो चांगला निघतो. पाण्याच्या रंगास आंबूस, कुजका वास येत असेल तर मात्र त्याचा मोह सोडावा. दोन डबे एकत्र करावयाचे असतील तर जात एकच असावी. तेल आणि पाणी यांचा संसार येथेही होत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. डबा कोणत्या वर्षाचा आणि कशासाठी बनविलेला? पूर्वीच्या कित्येक रंगांत शिसे असे. विशेषतः झगझगीत पिवळ्या, नारिंगी, तांबड्या व हिरव्या ऑइलपेंटात. घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांस नव्वद भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख डब्यावर छापणेही त्यात आवश्यक ठरविले आहे. म्हणजे माळ्यावरील त्याआधीचा डबा संशयितच समजावयाचा. त्याचप्रमाणे यंत्रे, मालमोटारी, लोखंडी सांगाडे यांच्यासाठी बनविलेला रंग घरगुती रंगाच्या या नियमात येत नाही. ज्या गावात अनेक घरांतील माणसे कारखान्यांत वा गॅरेजांत राबतात, तेथे ‘फार टिकाऊ रंग आहे’ म्हणून असा एखादा डबा घरी येणे स्वाभाविक आहे. तो टिकाऊ असेलही. पण तो पाळण्याला, खेळण्याला, पाटीच्या चौकटीला लागता कामा नये. लहान मूल जे हातात धरते ते तोंडात घालते. शिसे थोडथोडे पोटात गेले तरी बालकाच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते आणि तो अपाय पुढे भरून येत नाही. शिशाची निर्धोक अशी मात्राच आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मुलाला ताप येत नाही, पुरळ उठत नाही. ते वर्गात मागे पडते, आणि आपण त्याला मंद म्हणतो.

याच कारणास्तव जुन्या खिडक्या-दारांचा रंग मुलांकडून खरवडून घेऊ नये. कोरड्या घासण्याने जी धूळ उडते तीत सारे शिसे मोकळे होते. घासणे अपरिहार्य असेल तर मोठ्या माणसाने, मुले जवळ नसताना, पॉलिश पेपर ओला करून घासावे आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

ओळख पटलेला रंग हाती आला की मोजमाप करावे. ओझरच्या परिसरात ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाकडील येथील शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी पाणीवापर संस्था काढल्या आणि कालव्याचे पाणी मोजून घेण्याचा पायंडा पाडला. रंगाचेही तसेच आहे. प्लॅस्टिक पेंटच्या एका लिटरमध्ये एका हाताने सुमारे शंभर चौरस फूट जागा होते असे धरून चालावे. मग पाव लिटरमध्ये दोन हातांनी किती? साडेबारा चौरस फूट. तीन फूट लांब व एक फूट रुंद अशा फडताळाच्या चार फळ्यांचा वरचा भाग त्यात होतो, दाराची एक बाजू होत नाही. क्षेत्रफळाचे हे उदाहरण पाचवीच्या मुलास पुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा लवकर कळेल, कारण चुकले तर चौथी फळी उघडी राहील.

आता शोभेकडे वळू. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली शाळाशाळांतून बाटल्या, करवंट्या, आइसक्रीमच्या काड्या रंगविल्या जातात. प्रदर्शन संपल्यावर त्यांचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. एक टाकाऊ वस्तू जाऊन रंगीत टाकाऊ वस्तू येते, एवढेच. त्याऐवजी जी वस्तू घरात रोज हाताळली जाते तीच रंगवावी. पोपडे धरलेली पत्र्याची पेटी, कपड्यांची खुंटाळी, देवघरापुढील चौरंग, मातीच्या कुंड्या, अंगणातील तुळशीवृंदावन. वृंदावन तर कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी रंगवावयाचेच असते, आणि दिवाळीचे उरलेले डबे त्या वेळी ताजे असतात. वृंदावनाला बाहेरच्या भिंतीसाठीचा रंग उरला असेल तो द्यावा. आतल्या भिंतीचा रंग पावसाळ्यात टिकत नाही. पत्र्याच्या पेटीला ऑइलपेंटच हवा, आणि त्याआधी गंज काढलेला हवा. जुन्या ऑइलपेंटवर पाण्याचा रंग तसाच चढविला तर तो नखाने सुटतो. पृष्ठभाग आधी खरबरीत करून घ्यावा लागतो, आणि तेथे वर सांगितलेली सावधगिरी पुन्हा लागू होते.

नक्षीसाठी फार शोध नको. आईच्या हातची ठिपक्यांची रांगोळी चौरंगावर कायमची उतरविता येते. कापसाचा बोळा गुंडाळलेल्या काडीने ठिपके उत्तम पडतात. भेंडीच्या चकतीचा ठसा मुलांना नेहमीचाच परिचयाचा. कागदावर चार तास खेळण्यापेक्षा तो कुंडीच्या काठावर एकदा नीट उमटवावा. पिंपळाच्या पानाच्या मागील शिरांना पातळ रंग लावून दाबले की पेटीच्या झाकणावर जाळी उमटते. रंग दोनच घ्यावेत. हाताशी पाच डबे आहेत म्हणून पाचही वापरण्याची घाई होते आणि वस्तू जत्रेतल्या भोंग्यासारखी दिसू लागते. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठीचा केवळ पांढरा, एवढ्यावर वारल्यांनी आपले सारे जग भिंतीवर मांडले. डहाणूकडील जिव्या सोमा मशे यांना त्याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे वारली वस्ती आहे, हेही वर्गात सांगावे. बाकीचे रंग पांढऱ्यात थोडे थोडे मिसळून फिकट छटा कराव्यात. सर्व उरलेले एका डब्यात ओतले तर मातकट करडा होतो, तो खालच्या पहिल्या हातासाठी ठीक.

शेवटी राहते ती डब्यांची विल्हेवाट. ऑइलपेंटची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवावीत. ब्रश धुतलेले टर्पेंटाइन मोरीत वा बाणगंगेत ओतू नये. बाटलीत स्थिर ठेवले की रंग खाली बसतो आणि वरचे पुन्हा वापरता येते. न वापरण्याजोगा रंग भुसा वा राख घालून डब्यातच घट्ट करावा आणि घातक घरगुती कचरा म्हणून घंटागाडीस वेगळा द्यावा. डबा उकिरड्यावर टाकला तर गुरे तो चाटतात. शिशाच्या रंगाने गुरांना विषबाधा होते हे पशुवैद्यकांस चांगले माहीत आहे. पोळ्याच्या दिवशी माळ्यावरचा जुना डबा काढून बैलाची शिंगे रंगविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तेथे गेरू बरा. रंगाच्या मोठ्या रिकाम्या बादल्या धान्य अथवा पिण्याचे पाणी साठविण्यास घेऊ नयेत, झाडांना पाणी घालण्यास घ्याव्यात.

जो रंग ठेवावयाचा त्याचे झाकण फडके ठेवून ठोकून बसवावे, म्हणजे हवा जात नाही, आणि डब्यावर कागद चिकटवून चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या खोलीचा, पाण्याचा की तेलाचा, रंगाचा क्रमांक आणि वर्ष. हे लिहिण्याचे काम घरातील तिसरी-चौथीच्या मुलाकडे द्यावे. त्याचे अक्षर डब्यावर राहील, आणि पुढल्या वर्षी डबा उघडण्यापूर्वी कोणीतरी ते वाचेल.