जोत्यातली ओल आणि खांबाचं कुजलेलं बूड



सुगी आटोपली, धान्य घरात आलं. पण ज्या घरात ते ठेवलं, त्याच्या जोत्याकडे वाकून पाहिलंत का? मातीच्या भिंतींच्या आणि लाकडी खांबांच्या जुन्या घरांविषयी आज बोलू. छप्पर गळलं की लगेच कळतं. जोत्यातली ओल मात्र गुपचूप वर चढते आणि एखाद्या पावसाळ्यात खांब खचतो.

आमच्या घराच्या भिंतीचे खालून पोपडे सुटत होते. मी त्यावर सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षांत ओल गिलाव्याच्याही वर आली. फोडून पाहिलं तर आत माती भुसभुशीत झालेली आणि खांबाचं बूड वाळवीनं पोखरलेलं. ओल बाहेर पडायची वाट मीच बुजवली होती. म्हणून सांगतो, आधी पाणी तोडा, मग दुरुस्ती करा.

पारख सोपी आहे. खांबाचं बूड टोच्यानं टोचा. टोच्या सहज आत गेला, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर लाकूड कुजलं समजा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे.

आता कामाचा क्रम :

१. पागोळ्यांचं पाणी पन्हळीनं दूर न्या. न्हाणीचं सांडपाणी भिंतीशी मुरू देऊ नका. अंगणाला घरापासून बाहेर, दहा फुटांत सहा इंच तरी उतार द्या. चर खणायचा तर भिंतीपासून तीन-चार हात लांब खणा. पायालगत खोल खणलं तर भिंत ढासळते.

२. भिंतीला टेकवलेली माती, शेणखत, सरपण हलवा. सिमेंटचा गिलावा काढून भिंत उन्हाळाभर वाळू द्या.

३. खांबाला हात लावण्यापूर्वी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्या. टेकूखाली जाड फळी ठेवा आणि पाचरी हळूहळू ठोका. भार टेकूवर येईल इतपतच ठोका, तुळई उचलू नका. हे काम जाणत्या सुताराकडूनच करवा. माणसं आणि जनावरं बाहेर ठेवा.

४. कुजका भाग, वर वीतभर चांगलं लाकूड धरून, कापून टाका. खाली दगडाचा पक्का तळखडा बसवा. खांब जमिनीत पुरू नका. लाकूड आणि दगड यांच्यामध्ये डांबरी कागद घाला.

५. भिंत पुरती वाळल्यावर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा.

वाळवीसाठी घरात जुनी बी.एच.सी. पावडर किंवा आल्ड्रीन पडून असेल, तर वापरू नका. दोन्हींवर आता बंदी आहे. औषध सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच आणा आणि विहिरीजवळ टाकू नका.

तुळई वाकली असेल किंवा भिंतीला फुगा आला असेल, तर त्याखाली कुणी झोपू नका. जाणकार माणसाला दाखवूनच काम सुरू करा.

जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी हे काम उरका. पाणी दूर, लाकूड जमिनीच्या वर आणि भिंत मोकळी, एवढं सांभाळलंत तर घर टिकेल.