चांदीपुरा : पाच जनुकांचा विषाणू
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"सर, विज्ञानावर काहीतरी बोला, पण थोडक्यात," असं कमिटीनं सांगितलं. विषय मात्र माझ्या डोक्यात २०२४ च्या जुलैपासून पक्का आहे.

त्या महिन्यात पेपरात रोज गुजरातच्या साबरकांठ्यातल्या लहान मुलांच्या बातम्या येत होत्या. गुजरातची सीमा आपल्यापासून लांब नाही. आपली माणसं कामाला, लग्नाला तिकडं जातातच. अशातच एका रात्री दोन वाजता शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. पाड्यावरून चार दिवसांसाठी आलेला त्यांचा पाच वर्षांचा नातू तापानं फणफणलेला, डोळे वर, हातपाय ताठ. घरात कुणी कांदा फोडून नाकाशी धरत होतं, कुणी चप्पल. काकू म्हणाल्या, "सर, पेपरातला तोच का हो हा?" मला काही बोलता आलं नाही. गाडी काढली, दवाखाना गाठला. पोरगं वाचलं, तापातली साधी आकडी निघाली. पण काकूंचा प्रश्न माझ्याकडे उधार राहिला होता. तो आज फेडतो.

पेपरातला 'तो' म्हणजे चांदीपुरा विषाणू. नाव आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. १९६५ साली नागपूरकडे तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी, म्हणजे आजच्या एनआयव्हीतली, तिथल्या रुग्णांचं रक्त तपासत होती. त्यात दोन रुग्णांच्या रक्तात हा नवा विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. पुढे औरंगाबादकडच्या वाळूमाशांमध्येही तो मिळाला. (तिकडंही एक हर्सूल आहे, तुरुंगाचं. आपलं नव्हे!) बरीच वर्षं कुणी त्याला फारसं मोजलं नाही. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली, तेव्हा सगळे जागे झाले. त्याच वर्षी आपल्या विदर्भातही मुलं दगावली.

आता हा आहे तरी केवढा? माणसाच्या पेशीतला मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. याचा फक्त ११ हजारांच्या आसपास. जनुकं मोजून पाच, म्हणून प्रथिनंही पाच. शास्त्रज्ञ त्यांना एन, पी, एम, जी आणि एल म्हणतात. आकार बंदुकीच्या गोळीसारखा.

'जी' बाहेरच्या आवरणावर काट्यांसारखं असतं. ते पेशीला चिकटतं, आणि पेशी त्याला पिशवीत घालून आत ओढून घेते. आत घेतलेल्या पिशवीत आम्ल तयार करणं ही पेशीची नेहमीची सवय. इथं तीच अंगाशी येते. आम्ल लागताच 'जी' आपला आकार बदलतं, विषाणूचं आवरण पिशवीच्या पडद्याला जोडलं जातं, आणि आतला माल पेशीत उतरतो. म्हणजे दार आपणच उघडतो.

माल म्हणजे आरएनएचा धागा, 'एन' प्रथिनात गुंडाळलेला. आरएनएवरून आरएनए उतरवण्याचं असलं यंत्र आपल्या पेशीकडे नसतं, म्हणून विषाणू 'एल' हे यंत्र सोबत घेऊनच येतो. त्याचा मदतनीस 'पी'. गंमत बघा, या 'पी'ला कामाला लावणारा फॉस्फेटचा टिळा आपल्याच पेशीतलं एक विकर लावतं. कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी हे चांदीपुरावरच काम करून दाखवलं.

यंत्र धाग्याच्या एका टोकापासून वाचायला लागतं. इथं नाशिकहून सुटणारी हरसूलची एसटी डोळ्यांसमोर आणा. सुटताना खचाखच भरलेली, प्रत्येक थांब्यावर माणसं उतरणार, मधे कुणी चढायचं नाही. तसंच प्रत्येक जनुकाच्या शेवटी काही यंत्रं गळून पडतात. त्यामुळे पहिलं 'एन' सगळ्यात जास्त बनतं आणि शेवटचं 'एल' सगळ्यात कमी. विषाणूला हवंही तेच! नवे धागे गुंडाळायला 'एन' ढीगभर लागतं, यंत्रं थोडी पुरतात. जनुकांच्या नुसत्या क्रमावर एवढा हिशेब बसवलाय. आपल्या खजिनदारांना हे आवडेल.

राहिलं 'एम'. नवे विषाणू बांधून पेशीबाहेर ढकलायचे, हे त्याचं काम. याच कुळात गुरांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू आहे. त्याचं 'एम' पेशीच्या केंद्रकातून बाहेर जाणारे निरोप अडवतं असं दिसलंय. घरात चोर शिरलाय अशी शेजाऱ्यांना जी हाक जायची, तीच अडते.

मेंदूवर याचा मारा फार झपाट्यानं होतो. ताप, उलट्या, आकडी, बेशुद्धी, आणि कित्येक मुलं लक्षणं दिसल्यापासून २४ ते ४८ तासांत जातात. त्यावर खास औषध नाही, बाजारात लसही नाही. डॉक्टर ताप उतरवतात, आकडी थांबवतात, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळतात, आणि त्यानंच जीव वाचतो. जून ते १५ ऑगस्ट २०२४ या काळात देशात मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ८२ दगावले. तपासणीत चांदीपुरा निघाला ६४ जणांत. म्हणजे काकू, आकडी आलेलं प्रत्येक मूल चांदीपुराचं नसतं. पण ते घरात बसून कळत नाही, आणि कांद्यानं तर नाहीच नाही. मुलाला कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि गाडी काढायची. रात्री दोन वाजता माझं दार वाजवायलाही हरकत नाही.

आता वाळूमाशी. डासापेक्षा लहान, दोन-तीन मिलिमीटरची. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येते, म्हणून बारीक जाळीची हवी. उडण्यात कच्ची आहे, उड्या मारत जाते. दिवसा भिंतीच्या भेगांत बसते आणि अंडी घालते ओलसर मातीत, शेणकचऱ्यात. आपल्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीला टाचेएवढ्या भेगा पडल्यात आणि तिला लागूनच उकिरडा आहे. भिंत लिंपायचा आणि उकिरडा हलवायचा ठराव दोन वार्षिक सभांपासून लोंबकळतोय. खर्च कुणी करायचा, यावर अडलंय. माझ्या वाट्याची वर्गणी मी आज सेक्रेटरीसाहेबांकडे दिलीय, पावती घ्यायची राहिलीय.