दुधाच्या दातांची कीड
(तलवाडा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



“दुधाचेच दात ते, पडावयाचेच आहेत,” असे मीही म्हणत असे. माझा नातू अडीच वर्षांचा असताना त्याचे वरचे पुढचे चार दात काळे पडून झिजले. रात्री तो कळवळून उठे. दुधात कुस्करलेली भाकरीही त्याला नकोशी झाली. शोध घेता दोष माझ्याच पदरी आला. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन त्याला निजविण्याची सवय मीच लाविली होती. निजल्यावर लाळ कमी सुटते, गोड दूध दातांशी साचते आणि तोंडातील सूक्ष्म जंतू त्याचे आम्ल करून दात पोखरतात. कीड म्हणजे अळी नव्हे, ती ही.

दुधाचे दात वीस. त्यांतील मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात. त्या अकाली गेल्या तर पक्क्या दातांची जागा आक्रसते.

म्हणून पहिला दात दिसताच तो घासू लागावे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी. मिश्री मुळीच नको. त्वरितादेवीचा गोड प्रसाद मी नाकारीत नाही, परंतु तो दिवसभर चघळू देऊ नये. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला की दंतवैद्य गाठावा. तेव्हा कीड थांबविता येते. आम्ही उशिरा गेलो. दोन दात काढावे लागले, आणि त्या वेळी त्याला मांडीवर घट्ट धरून मीच बसलो होतो.