संगणकाचा नकार कसा वाचावा
(केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



निकालपत्रके, हजेरीचे गोषवारे, पोषण आहाराचे हिशेब ही कामे आता संगणकावर होतात; आणि शाळेत न उरकलेले काम घरच्या संगणकावर पुरे करणारे शिक्षकही पुष्कळ आहेत. शहरात संगणक अडला तर कारागीर हाकेच्या अंतरावर असतो. खेड्यातील शिक्षकास त्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते, दिवस मोडावा लागतो, आणि वर्षानुवर्षांची माहिती पोटात असलेले यंत्र परक्या हाती सोपवावे लागते. सबब, अडलेल्या संगणकातील दोष शांतपणे कसा शोधावा, हे शिक्षकाने स्वतः जाणून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी येथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत पाहावयाचे आहे.

एका खेड्यातील गुरुजींपाशी निकालपत्रक तयार करणारा एक जुना प्रोग्रॅम होता. घरी विंडोज १० असलेला संगणक आणल्यावर त्यांनी तो प्रोग्रॅम त्यावर उघडू पाहिला. पडद्यावर सूचना आली की, या प्रोग्रॅमला डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ आवश्यक आहे. खाली ते उतरवून घेण्याचे बटण होते. गुरुजींनी ते दाबले. काही वेळाने काम अडले आणि एक लांबलचक आकडा दिसला. त्यांनी खिडकी बंद केली व पुन्हा बटण दाबले. पुन्हा तोच प्रकार. असे पाच वेळा झाले. मग एकाच्या सांगण्यावरून त्यांनी नवी ४.८ ही आवृत्ती आणून बसवावयास घेतली. तेव्हा संगणकाने कळविले की, हीच किंवा याहून नवी आवृत्ती येथे अगोदरच आहे. नवी आहे म्हणतो आणि जुनी मागतो, या कोड्याने गुरुजी त्रासून गेले. तालुक्याच्या बाजारातील जाणकाराने फोनवर सांगितले, ‘गुरुजी, फॉरमॅट मारून टाका, सगळे नवे करून देतो.’

त्या संगणकात आठ वर्षांचे निकाल, सोडून गेलेल्या मुलांच्या नोंदी आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे होती. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. गुरुजी तरीही संगणक पिशवीत भरावयास निघाले. इतक्यात आठवीत शिकणारी त्यांची मुलगी म्हणाली, ‘बाबा, तो आकडा काय होता? त्याच्याखाली काय लिहिले होते?’ गुरुजींना सांगता येईना. पाच वेळा नकार मिळाला होता, आणि एकदाही तो पुरता वाचलेला नव्हता.

आता हे फ्रेमवर्क म्हणजे काय, ते प्रथम पाहू. शाळेत येणारा प्रत्येक शिक्षक स्वतःचा फळा व स्वतःची बाके घेऊन येत नाही. ती शाळेत असतातच, असे गृहीत धरून तो पाठाची तयारी करतो. त्याचप्रमाणे पडद्यावर खिडकी काढणे, तारखांचे हिशेब करणे, कागदावर छापणे अशी सर्वांना लागणारी कामे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करीत नाही. ती करणारे सामायिक भांडार म्हणजे फ्रेमवर्क होय. मायक्रोसॉफ्टने डॉट नेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती २००२ साली आणली, ३.५ ही आवृत्ती २००७ साली आली. पुढे ४ ची मालिका सुरू झाली व तीतील ४.८ ही आवृत्ती २०१९ साली निघाली. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ३.५ च्या पोटात २.० व ३.० या आवृत्त्या सामावलेल्या आहेत. परंतु ४ ची मालिका ३.५ ची जागा घेत नाही. ती तिच्या शेजारी स्वतंत्रपणे नांदते. सुधारित पाठ्यपुस्तक शाळेत आले म्हणून जुन्या पुस्तकातील पृष्ठांक सांगून दिलेला अभ्यास त्यात सापडत नाही, तसेच हे आहे. गुरुजींचे कोडे येथे सुटते. संगणक खोटे बोलत नव्हता. त्याची दोन्ही विधाने खरी होती.

विंडोज ७ मध्ये ३.५ आवृत्ती सोबतच येत असे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये तिची केवळ जागा राखून ठेवलेली आहे. प्रत्यक्ष सामान मागणीनंतर इंटरनेटवरून आणले जाते. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘प्रोग्रॅम्स’ या विभागात विंडोजची अंगे चालू वा बंद करण्याची यादी असते. तीत डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ या नावापुढील चौकोन रिकामा असेल, तर सामान अद्याप आलेले नाही असे समजावे. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की, सामान वाटेत कोठे अडले?

त्याचे उत्तर त्या आकड्यात असते. या कामी वारंवार दिसणारे तीन आकडे ‘०एक्स८००एफ’ असेच सुरू होतात. फरक शेवटच्या चार चिन्हांत असतो. शेवटी ‘०९०६’ असेल तर आवश्यक सामान इंटरनेटवरून उतरविता आले नाही, असा अर्थ होतो. ‘०८१एफ’ असेल तर सामान जेथे शोधले तेथे ते सापडले नाही, अपुरे निघाले किंवा या विंडोजच्या आवृत्तीशी जुळले नाही. ‘०९०७’ असेल तर ते उतरविण्यास संगणकावरील एखाद्या धोरणाने मनाई केलेली आहे. कार्यालयातून मिळालेल्या संगणकावर असे घडू शकते. दिसण्यात हे तीन आकडे एकसारखे असले, तरी त्यांचे अर्थ निराळे व त्यांवरील उपायही निराळे आहेत.

मुलीने वही व पेन्सिल आणली. परंतु बटण पुन्हा दाबण्यापूर्वी गुरुजींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. शाळेच्या सर्व नोंदी व छायाचित्रे त्यांनी एका बाहेरील डिस्कवर उतरवून घेतली आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. उपचारापूर्वी प्रत, हा येथील पहिला नियम होय. प्रत हाती असली म्हणजे मनातील भीती जाते, आणि भीती गेली म्हणजे विचार सुचतो.

मग बटण दाबले. आकड्याच्या शेवटी ०९०६ होते. सामान उतरत नव्हते. इंटरनेट फोनवरून घेतलेले होते व फोनवर ते व्यवस्थित चालत होते. मात्र संगणकावर नेहमीची संकेतस्थळे उघडतानाही धोक्याची सूचना येत होती. मुलीने पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहिली. ती कित्येक वर्षे मागची होती! संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालते ठेवणारा नाण्याएवढा एक सेल आत असतो. तो संपला की वीज जाताच तारीख मागे जाते. सुरक्षित देवाणघेवाण करताना समोरच्या स्थळाचे प्रमाणपत्र मुदतीत आहे की नाही, हे संगणक आपल्या घड्याळावरून ठरवितो. घड्याळ चुकले की खरे प्रमाणपत्रही त्याला अग्राह्य वाटते, आणि तो दार उघडीत नाही. एका क्षुल्लक सेलामुळे केवढा खोळंबा होतो, हे येथे दिसून येते.

गुरुजींनी तारीख व वेळ दुरुस्त केली आणि दुसरे काहीही न बदलता पुन्हा बटण दाबले. संकेतस्थळांवरील सूचना थांबली, सामान उतरू लागले. पण संध्याकाळी गावात सिग्नल तुटला व काम पुन्हा ०९०६ वर थांबले. आकडा तोच, कारण मात्र निराळे. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. शेजारच्या गावातील एका सहशिक्षकापाशी विंडोज १० बसविण्याचे सर्व सामान असलेला पेनड्राइव्ह होता. अशा सामानात ‘सोर्सेस’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एसएक्सएस’ नावाचे एक लहान फोल्डर असते व ३.५ आवृत्तीचे सामान त्यातच असते. ते इंटरनेटवाचून बसविण्यासाठी विंडोजमधील ‘डिसम’ या साधनाला लेखी आज्ञा द्यावी लागते. आज्ञा द्यावयाची काळी खिडकी व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावी. आज्ञेत पाच गोष्टी येतात: चालू असलेल्या विंडोजवरच काम करावे; अमुक अंग चालू करावे, ज्याचे तेथील नाव ‘नेट एफएक्स ३’ असे आहे; त्याला लागणारी इतर अंगेही चालू करावीत; सामानासाठी इंटरनेटकडे जाऊ नये; आणि ते अमुक ठिकाणाहून घ्यावे. शेवटच्या बाबीत पुष्कळांची चूक होते. पेनड्राइव्हला संगणकाने डी हे अक्षर दिले की ई, हे डोळ्यांनी पाहूनच लिहावे.

गुरुजींनी आज्ञा दिली. पुन्हा नकार! ते खुर्चीवर मागे टेकले व म्हणाले, ‘आता पुरे झाले. उद्या तालुक्याला नेतो.’

मुलगी वहीकडे पाहत म्हणाली, ‘पण बाबा, आकडा बदलला आहे.’

खरोखरच शेवटी आता ०८१एफ होते. सामान उतरत नाही ही तक्रार संपली होती. दाखविलेले सामान जुळत नाही, अशी नवी तक्रार होती. बदललेला नकार ही प्रगतीची खूण असते. गुरुजींनी विंडोजची कळ व आर ही कळ एकदम दाबून उघडलेल्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला. डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही त्याची अक्षरे होत. त्यांच्या संगणकावरील आवृत्ती २२एच२, म्हणजे २०२२ सालची होती. पेनड्राइव्हवरील सामान २०१८ सालचे होते. दोन्ही विंडोज १० च. तरी सामान जुळेना. पुढच्या रविवारी गुरुजी चांगले सिग्नल असलेल्या ठिकाणी गेले, मायक्रोसॉफ्टच्याच अधिकृत स्थळावरून योग्य आवृत्तीचे सामान उतरवून आणले आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. काम शंभर टक्क्यांपर्यंत गेले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर निकालपत्रकाचा प्रोग्रॅम उघडला. सुटे सामान कोणत्याही अनोळखी स्थळावरून आणण्याचा मोह त्यांनी टाळला, हेही नमूद करण्यासारखे आहे. कारण त्यातून अपाय करणारे प्रोग्रॅम घरात शिरतात. नंतर त्यांनी घड्याळाचा सेल बदलून घेतला, कारण मूळ दोष तसाच राहिला असता तर पुढच्या वेळी वीज जाताच तारीख पुन्हा मागे गेली असती.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्या घरी असे संगणक आहेत, त्यांनी पुढील व्यवस्थेचा विचार करावा, आणि तोपर्यंत नोंदींची प्रत बाहेर ठेवण्यात हयगय करू नये.

या हकीकतीतून निघणारे नियम थोडे आहेत. प्रथम प्रत काढावी. नकार शब्दशः वहीत उतरवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. आकडा तोच राहिला की बदलला, ते पाहावे. दोष दूर झाल्यावर त्याचे मूळही दूर करावे, आणि ती वही सहकाऱ्यांना दाखवावी. तालुक्याच्या कारागिराकडे जाण्यात कमीपणा नाही. पण जाताना ती वही बरोबर न्यावी, म्हणजे ‘फॉरमॅट’ हा त्याचा पहिला उपाय न राहता शेवटचा होईल.

वस्तुतः ही रीत शिक्षकाला नवी नाही. एखादे मूल बावन्नातून अठरा वजा करून शेहेचाळीस लिहिते. घाईत असलेला शिक्षक फुली मारतो आणि तोच पाठ मोठ्याने पुन्हा सांगतो. मूल पुन्हा शेहेचाळीस लिहिते. विचारी शिक्षक उत्तर वाचतो. आठातून दोन गेले सहा, पाचातून एक गेला चार. म्हणजे मुलाला वजाबाकी येते, हातचा घेणे तेवढे उमगलेले नाही. उद्या त्याचे उत्तर बदलून चव्वेचाळीस झाले, तर हातचा घेतला गेला, दशकातून तो कमी करावयाचा राहिला, हे त्याच्या ध्यानी येते. उत्तर अजून चूकच असते. पण मूल पुढे सरकलेले असते. ‘या मुलाला गणित येणारच नाही’ असे म्हणणे म्हणजे आठ वर्षांच्या नोंदींसह सारेच पुसून टाकणे होय.

त्या गुरुजींचे निकालपत्रक त्या वर्षी वेळेवर तयार झाले. त्यांच्या टेबलावरील वहीत मुलीच्या अक्षरात पहिल्याच पानावर दोन आकडे एकाखाली एक लिहिलेले आहेत, आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ. अशी एक वही प्रत्येक शाळेत असावी, एवढीच अपेक्षा.