हाडांचा ताळेबंद



आम्ही वाणिज्य शाखेचे, भाषा हिशेबाची. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड वर्षानुवर्षे प्रतिलिटर १.५ मिलिग्रॅमहून अधिक आणि आहारात कॅल्शियमची तूट असली, की बालकाच्या वाढत्या हाडांचा ताळेबंद बिघडतो. आजच्या तेलंगणातील नलगोंडा भागात गुडघे आत वळलेल्या अशा मुलांची वैद्यकीय नोंद १९७३ साली झाली. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांच्या भूजलातही फ्लोराईड आहे. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुन्याने ते काढण्याची पद्धत दिली. वाकलेले हाड मात्र औषधाने सरळ होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेइतकाच पाणीतपासणीला आणि मुलांच्या ताटातील दूध-नाचणीला आपल्या दातृत्वाचा आधार लाभावा, ही नम्र विनंती.